सात नंबरचं मशीन

३ नोव्हेंबर, सोमवार

मला चोर ठरवलं. दुसरा शब्द नाही त्याला.

सकाळी सहाला खाली येऊन क्लासचं शटर उचललं, सात नंबरच्या मशीनवर बसले, खेळ चालू केला तर पडद्यावर लाल पट्टी. 'तुमचं अकाउंट कायमचं बंद करण्यात आलं आहे. कारण : फसवणुकीसाठी बाहेरच्या सॉफ्टवेअरचा वापर.' आधी वाटलं दुसऱ्याच कुणाला आलेलं मला दिसून राह्यलं. मंग वर बघितलं. नाव माझंच.

चार वर्षं खेळतेय मी. आपले पाच, समोरचे पाच, एक पडकी इमारत, बंदुका आणि डोकं. या चार वर्षांत एकदाही काही चोरटं लावलं नाही. लावायची गरज काय? जुन्या जालन्यात बाबांचा टायपिंगचा क्लास आहे आणि मी तिथं शिकवते. मराठी मिनिटाला साठ शब्द. माझी बोटंच तशी आहेत.

तेवीस तारखेला राज्याची फायनल. ऑनलाईन, ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून खेळायची. जालन्याची एकच टीम आहे त्यात. आमची.

हरिओमला फोन केला. तो आमचा कॅप्टन, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, "शीतल, राग न्हाई ना येणार? खरं सांग. काही लावलं होतं का तू?"

मी फोन कट केला. चार वर्षं ज्याची पाठ राखली त्यानं पहिला प्रश्न हा विचारला.

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर, स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नाही. 'आम्ही तुमच्या प्रकरणाची काळजीपूर्वक तपासणी केली आहे. निर्णय कायम आहे.' काळजीपूर्वक! पत्र गेलं दहा वाजून दोन मिनिटांनी, उत्तर आलं दहा वाजून सहा मिनिटांनी. तिकडं माणूस बसलेलाच नाही. मी भिंतीशी भांडून राह्यले.

हे सगळं दिवाळीनंतरच्या अपडेटपासून सुरू झालं. त्यांनी खेळाबरोबर एक नवीन प्रोग्रॅम टाकायला लावला. चोर पकडणारा म्हणे. मी त्याला राखणदार म्हणते. मशीन चालू झालं की सगळ्यांच्या आधी हा उठतो, खेळ चालू असो नाहीतर नसो, आणि मशीनच्या पार पोटात शिरून बसतो. कोण काय चालवतंय, कोणती कळ कोण दाबतंय, सगळं बघतो. तो आल्यापासून सात नंबर दमल्यासारखं चालतंय. आधी सेकंदाला एकशे चाळीस चित्रं पडायची, खेळ तेलावर फिरल्यासारखा. आता सत्तर, त्यात मधीच हिसका. दोनदा तर पडदा निळा होऊन मशीनच बंद पडलं. आपल्याच घरात राखणदार आणायचा, आणि त्यानं आपल्यालाच धरून मारायचं.

हरिओमचा परत फोन. मागं काय काय चालू असतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही न्हाई. आपलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असतं, ते क्लासच्या दहाही मशीनवर असतं, बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी टाकलेलं. कळ इंग्रजी दाबली की ते मधल्या मधी पकडतं आणि तिचं मराठी अक्षर करून देतं. त्यात कसली फसवणूक? तो नुसता "हां" म्हणला.

डोकं ठिकाणावर नसताना नऊची बॅच घेतली. त्यात सरोजिनीताई. चाळिशीच्या आहेत. नवरा सरकारी ऑफिसात क्लार्क होता, तो वारला, त्याच्या जागी यांना घेतलं. पण दोन वर्षांत मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची अशी अट आहे. परीक्षा नऊ डिसेंबरला. मी त्यांना मुद्दाम सात नंबर देते. क्लासमधलं सगळ्यात भारी मशीन तेच आहे, खेळासाठी मी स्वतः जोडलेलं. दिवाळीच्या आधी बाई चौतीस शब्दांवर आल्त्या. आज पंचवीस.

"म्याडम, अक्षर उशिरा उमटून राह्यलं," म्हणाल्या. "एखादं तर येतच न्हाई."

मी म्हटलं, "ताई, मशीन नवं कोरं आहे. सुट्टीत बोटं आळसावली तुमची."

८ नोव्हेंबर, शनिवार

हरिओमनं बदली खेळाडू घेतला. मला विचारलं नाही, स्पर्धेच्या ग्रुपवर टाकलं. 'तात्पुरता.' बाकीच्या तिघांनी अंगठे वर केले. तात्पुरता!

दुसऱ्या एका टीमच्या पोरानं खाली लिहिलं, 'तरी म्हणलं पोरगी एवढी फास्ट कशी.' त्याला एक्केचाळीस जण हसलेत. मी मोजले. आमच्या चौघांपैकी एकानंही त्याला उलटून विचारलं नाही. मी जिंकत होते तेव्हा यांना माझी बोटं दिसत होती. आता फक्त पोरगी दिसून राह्यली.

कंपनीला नववं पत्र. उत्तर तेच.

नऊची बॅच. सरोजिनीताई बावीसवर. चुकाच चुका. काना गायब, वेलांटी भलतीकडंच. परत तेच रडगाणं, "म्याडम, मी बराबर दाबून राह्यले, खरंच. अक्षर मागून येतंय."

मी सगळ्यांसमोर म्हणले, "ताई, दरवेळेला मशीनचा दोष कसा? बोटांना काय मेंदी लावून बसलात का? जमत न्हाई तर पुढच्या खेपेला बसा."

त्यांनी कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. बॅच संपेपर्यंत तसेच ठेवले. मंग चष्मा डबीत घालून उठल्या.

नंतर लक्षात आलं, मेंदीचं त्यांना म्हणायला नको होतं. नवरा जाऊन तीन वर्षंही नाही झाली. पण ती नुसती बोलायची पद्धत आहे. मुद्दाम नाही म्हणले मी. आणि मला कोण काय काय बोलून राह्यलंय, त्याचं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरोजिनीताई कालही आल्या नाहीत, आजही नाही.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणलीस तिला?"

"काही न्हाई. मन लावून करा म्हणलं."

"क्लासमधल्या पोरींनी सांगितलं मला काय म्हणलीस ते." बाबांचा आवाज चढत नाही कधी, उलट खाली जातो. "पुढच्या खेपेला बस म्हणलीस म्हणं. तिला पुढची खेप न्हाई, शीतल. एकदा नापास झाली. जानेवारीत दोन वर्षं भरतात. डिसेंबरात पास झाली न्हाई तर ऑफिस तिला घरी बसवतंय."

मला माहीत होतं. लिहून ठेवते, कारण इथं खोटं लिहून काय मिळणार? तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या सकाळी फक्त माझं डोकं त्या एक्केचाळीस जणांत अडकलं होतं.

तरी मी बाबांना उलट बोलले. "तुम्हाला तिच्या नोकरीची फिकीर आहे. माझी फायनल हातची चालली ते दिसत न्हाई. खेळ म्हणजे टाईमपास वाटतो तुम्हाला."

बाबा ताटावरून उठले नाहीत. भाकरी संपवली, ताट धुतलं आणि म्हणाले, "त्या कंपनीचा पत्ता दे. उद्या रीतसर अर्ज करू. मराठीत करू. असं पत्रावर पत्र टाकून कोण विचारत न्हाई. विषय, संदर्भ, सही, रजिस्टर पोस्ट."

हसावं का रडावं कळेना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते.

दुपारी दोन बॅचच्या मधल्या वेळेत बाबा अर्ज टाईप करायला बसले. बाकीच्या मशीनवर पोरींचा सराव चालू होता म्हणून सात नंबरवर. चष्मा पुसला, बाही वर केली आणि सुरू झाले. प्रति, माननीय व्यवस्थापक. बाबा पडद्याकडं बघतच नाहीत. कागदाकडं नाहीतर समोरच्या भिंतीकडं बघतात. वीस वर्षं लोखंडी टाईपरायटरवर घालवलेला माणूस. त्यांचं सगळं कानावर चालतं.

तीन ओळींनंतर थांबले.

"हे मशीन अक्षर खाऊन राह्यलंय."

मी म्हटलं, "तुम्ही पण सुरू झालात का? तुमची कळ हलकी पडली असंल."

"माझी कळ?" बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "बोट आधी पडतंय आणि अक्षर मागून येतंय. दोघांत फट आहे. इकडं बस आणि माझ्या हाताकडं बघ, पडद्याकडं बघू नको. मंग पडद्याकडं बघ."

बसले. बघितलं. त्यांनी 'विद्यार्थिनी' टाईप केलं आणि हात थांबवले. हात थांबल्यावर पडद्यावर शेवटचं अक्षर आलं. रफार आलाच नाही.

मंग मी अर्ज बाजूला ठेवला आणि मोजायला बसले. एकच उतारा, चार नंबरवर पाच वेळा, सातवर पाच वेळा. चारवर माझे अठ्ठावन्न शब्द. सातवर एकोणचाळीस. सातवरचा राखणदार बंद केला, मशीन परत चालू केलं, परत पाच वेळा. सत्तावन्न. परत राखणदार लावला. चाळीस.

मग सगळं उलगडलं. आपलं जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक कळ पकडून तिच्या बदल्यात दुसरं अक्षर सोडतं. राखणदाराला वाटतं, कळ माणूस दाबत नाही, कुणीतरी मधी बसून दाबून राह्यलंय. म्हणून तो एकेक अक्षर अडवतो, हुंगतो आणि मंग सोडतो. एखादं सोडतच नाही. आणि त्याच्या वहीत लिहून ठेवतो, ही पोरगी चोर आहे.

सापडलं! मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. पोरी दचकल्या. पुरावा सापडला होता. मोबाईलवर सगळ्याचं चित्रण केलं, आकडे लावले, तारखा लावल्या, अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे. कंपनीला सतरावं पत्र लिहिलं आणि या वेळी एकही शब्द रागाचा घातला नाही. हरिओमला पाठवलं. त्या पोराच्या मेसेजखाली चिकटवलं, जिथं एक्केचाळीस जण हसले होते तिथंच. छाती अशी भरून आली की काय सांगू.

संध्याकाळी क्लासचा झाडू काढताना सात नंबरपाशी आले. टेबलावर टेकू दिलेला सरावाचा उतारा तसाच उभा होता. सरोजिनीताईंनी पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, कुठलं अक्षर आलं नाही तिथं. नऊ दिवसांच्या खुणा. तारखेनिशी.

मी आज केलं ते तिनं आधीच करून ठेवलं होतं. आणि मी तिला काय म्हणले ते वर लिहिलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल दिवसभर तिला फोन लावला. उचलला नाही.

बाबांना सांगितलं, जाऊन सॉरी म्हणते. बाबा म्हणाले, "सॉरी घेऊन जाऊ नको. मशीन घेऊन जा. तिचा हात त्याच कळफलकावर बसलाय."

राखणदार काढला. खेळ काढला. सगळं पुसून मशीन नव्यानं भरलं, फक्त मराठी टायपिंगचं ठेवलं आणि वीस वेळा तपासलं. खेळ काढताना हात थांबला होता. खोटं कशाला बोलू, चांगला थांबला होता. मंग ऑटोत पडदा मांडीवर, मशीनचा डबा पायापाशी, अशी नवीन जालन्याला गेले. स्टेशनच्या मागं दोन खोल्या आहेत त्यांच्या.

दार सरोजिनीताईंनीच उघडलं. ऑफिसला सुट्टी होती. मी उंबऱ्याबाहेरच बोलायला सुरुवात केली. राखणदार, सॉफ्टवेअर, एकोणचाळीस आणि सत्तावन्न, सगळं घडाघडा. शेवटी म्हटलं, "ताई, तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल सॉरी."

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मंग विचारलं, "हा प्रोग्रॅम मशीनवर कुणी टाकला होता?"

"मी."

"कशासाठी?"

"खेळायला."

"मी किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"तीन-चार वेळा."

"सहा वेळा." आवाज चढला नाही त्यांचा. "नऊ दिवस मी घरी येऊन बोटांकडं बघायची, म्याडम. वाटायचं माझंच काही बिघडलं. डॉक्टरकडं गेल्ते मी. हाताची शीर दबली का बघा म्हणून. सासूला सांगून ठेवलं, नोकरी जाणार, तयारी ठेवा. आणि तुम्ही मला मेंदी विचारली. सगळ्या पोरींसमोर."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"तुम्हाला खेळातून काढलं, तुम्ही कंपनीला किती पत्रं लिहिली?"

"सतरा."

"मंग मी कुणाला लिहू?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी ऑटोचा हॉर्न वाजवत होतं. आमचाच ऑटोवाला, थांबवून ठेवलेला.

"मशीन आत ठेवा," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी. शिकवायला सरांना पाठवा. तुम्ही येऊ नका."

मी मशीन लावून दिलं. वायरी जोडल्या. त्या दारातच उभ्या होत्या, माझं होईपर्यंत. निघताना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि बरोबरच केलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीचं उत्तर. दोन ओळी. 'तुमच्या खात्यावरील निर्बंध हटवण्यात आला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

गैरसोय. कुणाची चूक, कशी झाली, पुन्हा होणार का, एक अक्षर नाही. मी पाठवलेल्या आकड्यांबद्दल एक अक्षर नाही. सतरा दिवस मी चोर होते, अठराव्या दिवशी नाही. संपलं. त्या दोन ओळी वाचून, बंदी आली होती तेव्हापेक्षा जास्त संताप आला. मंग आठवलं की मीही शनिवारी त्या दारात जवळजवळ असलंच एक वाक्य बोलून आले.

हरिओमचा लगेच फोन. "शीतल! जमलं! रविवारी तूच खेळायचं, बदलीवाल्याला सांगितलं मी."

"मशीन न्हाई माझ्याकडं."

"म्हणजे?"

सांगितलं.

"अगं मंग दोन दिवसांसाठी आण की माघारी! तिची परीक्षा तर नऊ डिसेंबरला आहे."

"न्हाई आणता येत."

"एका बाईच्या टायपिंगसाठी तू राज्याची फायनल सोडणार?"

मी म्हटलं, "हरिओम, तू पहिल्या दिवशी मला काय विचारलं होतंस, ते आठव." आणि ठेवला.

असं लिहिलं की मी लई मोठ्या मनाची वाटते. नाही. फोन ठेवल्यावर मी दोनदा चपला घातल्या. दुसऱ्यांदा तर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मला सरोजिनीताईंचाच राग आला. इतकं कशाला ताठ राहायचं, दोन दिवस चार नंबर दिलं असतं की तिला. मंग खिडकीपाशी बसून ती बाई पहिल्या दिवसापासून पुन्हा बोटं बसवत असंल, ते डोळ्यांपुढं आलं. त्यातून मशीन उचलायला कोणत्या तोंडानं जाऊ? माघारी आले. चपला फेकल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

फायनलच्या पहिल्याच फेरीत आमची टीम हरली. मी मोबाईलवर बघत होते. बदलीवाला डावीकडच्या जिन्यावर एकटाच चढला. तिथं मी कधी चढले नसते.

रडले. रागानं रडले. बाबांनी चहा ठेवला.

१ डिसेंबर, सोमवार

बाबा रोज संध्याकाळी गाडी काढून नवीन जालन्याला जातात. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. आज जेवताना स्वतःहून म्हणाले, "छत्तीस." आणि वरण वाढून घेतलं.

१० डिसेंबर, बुधवार

काल परीक्षा झाली. आज सरोजिनीताईंनी मशीन ऑटोत घालून परत पाठवलं. पुसून, कळफलकावर फडकं बांधून. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नाही. मी शोधली. डब्याच्या मागंसुद्धा.

सात नंबरवर खेळ परत टाकलेला नाही. राखणदाराला क्लासच्या मशीनवर पाय ठेवू देणार नाही. खेळायचं असंल तर वेगळं मशीन घेईन, तेव्हाचं तेव्हा. हरिओमशी बोलणं नाही. कंपनीवरचा राग तेवढाच आहे, तसूभरसुद्धा कमी नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल लागला. सरोजिनीताई पास. ऑफिस परीक्षेची तारीख धरतं, त्यामुळं नोकरी पक्की.

सकाळी नऊच्या बॅचला स्वतः आल्या. सोबत नणंद होती, माझ्याच वयाची, पदराशी चाळा करणारी. आधी बाबांच्या पाया पडल्या, पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. बाबांनी निकालाचा कागद तीनदा वाचला. मी बाजूला उभी होते. "अभिनंदन, ताई," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुड्यातला एक पेढा बाबांनी माझ्या हातावर ठेवला, त्यांनी नाही.

जाताना मात्र माझ्यापाशी थांबल्या. "हिला पण शिकायचंय," नणंदेकडं बोट करून म्हणाल्या. "दुसरीकडं घालणार होते. सर म्हणले इथंच घाला."

"घाला ना. चांगलं मशीन देते."

"मशीन कोणतंबी द्या," त्या म्हणाल्या. "ती काही म्हणली तर ऐका."

आणि गेल्या. ऑफिसची वेळ झाली होती.

नणंदेला पाच नंबरवर बसवलं. बोटं कशी ठेवायची ते दाखवलं आणि पुढच्या पोरीकडं वळले तर मागून बारीक आवाज आला.

"म्याडम, खुर्ची डुगडुगून राह्यली."

पाच नंबरची खुर्ची मी गेल्याच महिन्यात आवळली होती. तोंडावर तेच आलं होतं. ते गिळलं, खाली बसले आणि हातानं एकेक पाय हलवून बघितला.

मागचा डावा. खरंच सैल होता.